आप्पांच्या रिळाची जीभ

आप्पांचं रीळ वाजतं, हे आप्पा सोडून सगळ्या भिंगारला माहीत होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते रणगाड्यांच्या पलटणीत होते आणि तोफांच्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांना नगरच्या छावणीतच फर्निचरच्या स्टोअरवर नोकरी लागली आणि आम्ही पाथर्डीकडचं गाव सोडून भिंगारात तात्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. स्टोअरवरच्या एका मेजरसाहेबांना गळ टाकून मासे धरायचा नाद होता. रविवारी ते आप्पांना बरोबर न्यायचे. आप्पा टोपली धरून उभे राहायचे, आणि ऐकूच येत नसल्यामुळे मध्ये मध्ये बोलायचेही नाहीत. मासे धरणाऱ्या माणसाला याहून चांगला सोबती मिळणं कठीण. बदली झाली तेव्हा साहेबांनी आपली जुनी काठी आणि तिच्यावरचं रीळ आप्पांना देऊन टाकलं.

रीळ विलायती होतं, हिरवं, रंगाचे पोपडे उडालेलं. काठीला खालून लटकायचं. एका बाजूला मूठ, ती फिरवली की पुढची कडी गोल फिरून दोरा गुंडाळायची आणि पोटातून आवाज यायचा, कट् कट् कट् कट्. सावकाश फिरवलं तर पाल चुकचुकल्यासारखा, जोरात फिरवलं तर कुणी पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा. आप्पा रोज दुपारी दोनला ड्युटीवरून येत, भाकरी खात आणि सराव करायला बसत. सराव म्हणजे दोऱ्याचं टोक आईच्या वरवंट्याला बांधायचं, वरवंटा अंगणाच्या पार टोकाला ठेवायचा आणि उंबऱ्यात बसून तो ओढून आणायचा. वरवंटा धुळीतून एवढा एवढा पुढे सरकायचा, कोंबड्या त्याच्यामागं चालायच्या, आणि कट् कट् कट् कट् चालू राहायचं. आईला चटणी वाटायची असली की ती अंगणात जाऊन वरवंटा उचलायची आणि दोरा दातानं तोडायची. आप्पांना मग वाटायचं की मासा सुटला. ते पुन्हा गाठ मारायला बसायचे.

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे, हे मला बाहेर गेल्याशिवाय कळलं नव्हतं. आप्पांना ऐकू जावं म्हणून आई ओरडायची, मी ओरडायची, आणि ती सवय लागून आम्ही दोघी एकमेकींशीही ओरडूनच बोलायचो. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी सासूबाईंना साखर कुठे आहे असं विचारलं आणि त्या दचकून भिंतीला टेकल्या. पण ते नंतरचं. सांगायचं एवढंच, की घरात आवाज कमी नव्हता, आणि तरी त्या रिळाची कटकट त्या सगळ्यावर उठून ऐकू यायची.

तात्या आमचे घरमालक. पातळ कुडाच्या पलीकडं, उरलेल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मभर कोर्टात बेलिफ होते, म्हणजे लोकांना समन्स बजावणं, सामान जप्त करणं आणि जागेचा ताबा घेणं हे त्यांचं काम. पेन्शन घेतल्यावरही बाहेर पडताना काळी टोपी, कोट, धोतर आणि छत्री असा पोशाख असे. शाकाहारी कडक. जागा देतानाच त्यांनी अट घातली होती की मासे घरात शिजवायचे नाहीत, म्हणून आई परसात तीन दगड मांडून कालवण करायची. काळ्या मसाल्यात मरळ रटरटायला लागली की तो वास परसातून उठून बरोबर तात्यांच्या खिडकीतून आत जायचा. त्यावर त्यांनी कधी हरकत घेतली नाही, कारण अट फक्त शिजवण्याची होती, वासाची नव्हती. कायद्याच्या बाहेर ते जात नसत.

पण दुपारची झोप ही त्यांची एकच चैन होती. पहाटे उठून, पूजा करून, पिठलं-भात स्वतः करून जेवायचे आणि अडीचच्या सुमाराला कुडाला लागून असलेल्या कॉटवर आडवे व्हायचे. त्याच वेळी कुडाच्या अलीकडं वरवंटा प्रवासाला निघायचा.

एका दुपारी तात्या टोपी घालून आमच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी घातली म्हणजे काम सरकारी आहे हे आईनं ओळखलं आणि ती चुलीपुढून उठली.

"हवालदार," तात्या म्हणाले, "हा आवाज बंद करा."

आप्पांनी हसून चटई पुढं सरकवली. "बसा की. च्या टाकायला सांगतो."

"चहा नको. आवाज. या रिळाचा आवाज."

"रीळ व्हय? मेजरसायबांनी दिलंय."

"मला दुपारी झोप लागत नाही."

"तुमाला बी न्हाई का?" आप्पांना बरं वाटलं. "मला बी लागत न्हाई दुपारची. वय झालं आपलं."

तात्यांनी मग कोर्टात पुकारा करायचा आवाज काढला. "दसऱ्यापर्यंत मुदत देतो. आवाज थांबला नाही तर जागा खाली करून ताबा द्यावा लागेल."

"जागा झकास हाय," आप्पा म्हणाले. "आमची काय बी तक्रार न्हाई."

एव्हाना समोरच्या तिन्ही दारांत बायका उभ्या राहिल्या होत्या. तात्यांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली आणि मला म्हणाले, "कुसुम, तू साक्षीदार आहेस. नोटीस बजावली आहे." आणि निघून गेले.

हसण्यासारखं होतं, पण आई हसली नाही. ते दुष्काळाचं साल होतं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या आणि खाताना तुटायच्या नाहीत. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तात्यांच्या अंगणातल्या आडाला मात्र अजून पाणी होतं. त्या पाण्याच्या जागेतून उठायचं आणि मासे खाणाऱ्या, ओरडून बोलणाऱ्या भाडेकऱ्यांनी भिंगारात दुसरी खोली शोधायची, म्हणजे परत पाथर्डीच्या वाटेला लागणं आलं. तिकडं तर प्यायलाही नव्हतं. दुसरीकडं आप्पांचे मासेही आम्हाला हवे होते. छावणीच्या पलीकडचा तलाव आटत चालला होता, मासे उरलेल्या पाण्यात गोळा झाले होते, आणि मिलोच्या भाकरीला घशाखाली उतरवायचं तर मरळीच्या रश्श्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

आईनं आप्पांना समजावून पाहिलं. "अहो, ते वाजतंय. लई वाजतंय."

आप्पांनी रीळ उचलून कानाला लावलं, मूठ फिरवली, लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई. गुपचूप हाय बिचारं."

"मग दुपारचं नका फिरवू."

आप्पा दोऱ्याची गाठ चाचपायला लागले. ऐकू आलं नाही म्हणून, की आलं म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही. मला तेव्हा सतरावं लागलं होतं आणि मला बापाचा रागच आला. आज त्यांच्याहून म्हातारी झाल्यावर दिसतं, की चार माणसांत बसून काय चाललंय ते न कळणाऱ्या माणसाला रिळाची ती दुपार केवढी मोलाची वाटत असेल. गप्पांत ते एक हसू धरून बसायचे, सगळे हसले की हसायचे. रीळ हातात असलं की त्यांना तसलं काही करावं लागत नसे.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं, दुष्काळामुळं तेही थंडावलं होतं. आईची शिवणाची मशीन मीच पुसायची, तेल घालायची, त्यामुळे बारका स्क्रू-ड्रायव्हर माझ्या ताब्यात होता. मी आईला म्हटलं, मी बघते. आई म्हणाली, "मोडलंस तर तुझा बाप मला काय बोलायचा न्हाई, पर जेवायचा बी न्हाई." आप्पांना मी ओरडून सांगितलं की रीळ साफ करते. त्याला त्यांची ना नव्हती. पलटणीत दर आठवड्याला सगळं उघडून साफ करायचा नेम असतो, म्हणाले.

आधी मी मशीनचं तेल घातलं. त्याचा परिणाम असा झाला, की आवाज आधी जरा घोगरा होता तो खणखणीत निघायला लागला. मग कोपऱ्यावरच्या गाडीवानाकडून बैलगाडीच्या आसाचं काळं वंगण आणलं आणि फटीतून कोंबलं. त्यानं दोन दिवस खरोखर शांतता झाली. तात्या झोपले. त्यांचं घोरणं आम्हाला ऐकू आलं आणि आईनं देवापुढं हात जोडले. तिसऱ्या दिवशी अंगणातली धूळ त्या वंगणात बसली आणि कट् कटच्या जोडीला कर्र कर्र असा दळणाचा आवाज यायला लागला. तात्यांनी कुडावर छत्री आपटली.

मग मी बाजूचं झाकण उघडलं. वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू वाटीत ठेवले आणि आत डोकावले. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मुठीबरोबर फिरणारं एक दातेरी चाक होतं, आणि त्या दात्यांवर टेकलेली नखाएवढी लोखंडी जीभ. तिला मागून एक केसासारखी स्प्रिंग दाबून धरत होती. चाक पुढं फिरलं की जीभ एकेका दात्यावरून घसरून पुढच्या खाचेत पडायची, आणि पडली की कट्. एवढाच सगळा आवाज. मी बोटानं जीभ उचलून धरली आणि मूठ फिरवली, तर घरात कुणी नसावं तसं शांत. मला इतका आनंद झाला की मी जीभ आणि स्प्रिंग दोन्ही काढून काड्यापेटीत ठेवली आणि झाकण लावून टाकलं. चाक उलट फिरवून बघावं असं मला सुचलं नाही. ज्याला वाजायचंच काम आहे ते नुसतं वाजतं, असं मी धरून चालले.

"आप्पा, आतली जीभ काढली," मी ओरडले.

"व्हय, आतलं कीट काढलंस ते बरं केलंस," आप्पा म्हणाले. पण मूठ फिरवून बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. बोटांनी मुठीला चाचपत ते बराच वेळ बसले. म्हणाले, "हलकं लागतंय. बोलंना."

तात्यांनी त्या आठवड्यात मला बोलावून मूठभर शेंगदाणे दिले आणि सांगितलं की नोटीस तूर्त स्थगित आहे.

त्या दिवसांत भिंगारची माणसं सकाळी तलावावर पाणी बघायला जायची. दुसरं काही काम नसायचं. नुसतं काठावर उभं राहून काल कुठवर होतं आणि आज कुठवर आहे ते बघायचं, आणि परत यायचं. तात्याही जायचे, छत्री घेऊन. रविवारी मी आणि आप्पा काठी घेऊन गेलो, तर ते आधीच भेगाळलेल्या काठावर उभे होते. आप्पांनी त्यांना सलाम केला, चपला काढल्या, चिखलात उतरले आणि गळ लांब फेकला. आवाज न करता दोरा गुंडाळत राहिले. तात्या लांबून बघत होते आणि मला वाटतं, पहिल्यांदाच त्यांना त्या काठीचा राग येत नव्हता.

मग काठी एकदम वाकली. मरळ लागली होती आणि ती साधी नव्हती. तिनं आतल्या पाण्याकडं झेप घेतली, आणि आप्पांच्या हातातली मूठ उलट्या दिशेनं गरगरा फिरायला लागली. पहिल्याच फेऱ्यात ती त्यांच्या बोटांच्या पेरांवर बसली. त्यांनी हात मागं घेतला, पुन्हा धरायला गेले, पुन्हा पेरांवर बसली. दोरा सुटत चालला होता. मी बघत होते, आणि ती जीभ कशासाठी होती ते मला त्या क्षणी कळलं. पुढं फिरताना ती वाजायची, पण मागं फिरू न देणं हे तिचं काम होतं.

"धरा!" आप्पा ओरडले. ते तात्यांच्या बाजूला तोंड करून ओरडले, कारण तात्या जवळ होते आणि मी लांब टोपलीपाशी होते.

"काय धरू?" तात्या म्हणाले.

अर्थातच आप्पांना ते ऐकू आलं नाही. "धरा, धरा की वो!"

तात्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू हुकमावरून धरल्या होत्या. त्यांनी छत्री टाकली, कोटासकट चिखलात उतरले आणि फिरती मूठ दोन्ही हातांनी पकडली. ती थांबली. आता काठी आप्पांच्या हातात आणि मूठ तात्यांच्या. मासा ओढायला लागला की तात्या पाय रोवून मूठ जागेवर धरत, आणि मासा जरा ढिला पडला की आप्पा "फिरवा" म्हणून ओरडत आणि तात्या ती पुढं फिरवत. काड्यापेटीत ठेवलेल्या त्या नखाएवढ्या तुकड्याचं काम कोर्टाचे निवृत्त बेलिफ गुडघाभर चिखलात उभे राहून करत होते. काठावर पाणी बघायला आलेली माणसं पाणी सोडून हे बघायला लागली.

"किती वेळ धरायचं, हवालदार?"

"व्हय, मोठी हाय."

"माझा पाय रुतला आहे."

"येतीया, येतीया."

"कुसुम, यांना सांग माझा पाय रुतला आहे."

मी ओरडून सांगितलं. आप्पा म्हणाले, "मंग चांगलंय, हलणार न्हाईत." आणि काठी मागं ओढली.

शेवटी मरळ उथळ पाण्यात आली तेव्हा मी साडी खोचून आत शिरले आणि तिला टोपलीत ढकललं. माझ्या मांडीएवढी होती. तात्यांचा पाय काढायला दोन माणसं लागली, आणि त्यांची एक वहाण त्या तलावात कायमची राहिली. ते काठावर बसले. धोतर काळं झालं होतं, टोपी तिरकी झाली होती, आणि जन्मात मासळीला हात न लावलेले ते दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत होते. मला वाटलं आता जागा गेली, दसऱ्यापर्यंतही थांबायचे नाहीत.

"असं उलटं फिरतं का हे नेहमी?" त्यांनी मला विचारलं.

मी जिभेचं सांगितलं. आवाज तिचाच होता, ती काढली म्हणून तो थांबला, आणि ती काढली म्हणूनच हे झालं, असं सगळं सांगितलं. तात्यांनी नीट ऐकून घेतलं. मग आप्पांच्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं. आप्पा टोपलीत डोकावून एकटेच हसत होते, आणि ते हसू कुणाचं बघून आणलेलं नव्हतं.

"परत बसव ती," तात्या म्हणाले.

"पण वाजेल."

"वाजू दे. बघू."

ती घरी येऊन बसवली. पण आता चाक मी उलटसुलट फिरवून नीट पाहिलं होतं, आणि वाजणं वेगळं, अडवणं वेगळं हे डोक्यात आलं होतं. लोखंड लोखंडावर पडतं म्हणून कट् होतं. मध्ये काही मऊ आलं तर? सायकलच्या दुकानातून व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणली आणि तिचा तुकडा टोपड्यासारखा जिभेवर चढवला. पहिला जाड झाला, जीभ खाचेत बसेना आणि चाक उलट फिरलं. दुसरा आईच्या ब्लेडनं तासून पातळ केला, तो लगेच फाटला. असं दिवसभर चाललं. संध्याकाळी एक तुकडा बरोबर बसला. मूठ पुढं फिरवली तर नुसतं पुट् पुट्, गादीवर बोट आपटावं तसं. मागं फिरवायला गेले तर जागच्या जागी घट्ट. मी रीळ आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी मूठ सावकाश फिरवली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हां. आता बोलतंय." कानानं न ऐकलेला तो आवाज त्यांना इतके दिवस हातातून कळत होता, हे मला तेव्हा समजलं. रबरातूनही तो त्यांच्यापर्यंत पोचत होता.

मरळीचं कालवण परसात झालं. तात्यांनी अर्थातच खाल्लं नाही. पण दसरा आला आणि गेला, जागा खाली करायचं नाव निघालं नाही, आणि आम्ही त्यांना सोनं द्यायला गेलो तेव्हा ते आप्पांच्या कानाशी वाकून एवढंच ओरडले, की रविवारी किती वाजता निघायचं. त्यानंतर ते दर रविवारी जायला लागले. मासा पाण्यातून निघाला की तोंड फिरवायचे, आणि तो टोपलीत गेला की परत बघायचे. रबर महिन्या-दीड महिन्यात झिजायचं आणि कटकट हळूहळू परत यायची. मग कुडावर टकटक व्हायची आणि तात्या स्वतः आणलेला नळीचा तुकडा माझ्या हातात ठेवायचे.

पाऊस झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, नगरातलंच स्थळ. पाहुणे बघायला आले तेव्हा आईनं शिवण, भरतकाम, पुरणपोळी अशी माझी कामं सांगितली. मुलाच्या वडिलांनी आप्पांना काहीतरी विचारलं. आप्पांना वाटलं रिळाबद्दल विचारतायत. ते आत जाऊन रीळ घेऊन आले आणि मुलीनं काय केलंय ते उघडून दाखवायला लागले. आईनं पदर तोंडावर घेतला. मुलगा मात्र खुर्ची पुढं ओढून बघायला लागला, आणि नंतर म्हणे घरी जाऊन हो म्हणाला. लग्नाआधी तात्यांनी मला बोलावून घेतलं आणि ती जीभ कशी काढायची ते त्यांना शिकवायला सांगितलं. "तू गेल्यावर हे कोण करणार?" म्हणाले. त्यांची बोटं जाड होती आणि चष्मा घसरायचा, पण पंचनाम्याची सवय असल्यामुळं कुठला स्क्रू कुठून निघाला ते ते मोठ्यानं बोलत जायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, ती दिवाळीला. नवी साडी, हातात फराळाचा डबा, टांग्यातून उतरले. येताना वाटेत मी ठरवत होते की रडायचं नाही. अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि आप्पा नि तात्या दोघंही गुडघ्यांवर रांगत होते. तात्यांची टोपी कोनाड्यात ठेवलेली. आई चाळणीनं धूळ चाळत होती. मी दारातून आत पाऊल टाकलं, तसे आप्पांनी मान वर केली, मला पाहिलं आणि हात आडवा केला.

"तितंच थांब कुसे," ते म्हणाले. "पाय उचलू नगंस. स्प्रिंग पडलीया."

मी डबा उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला आणि जिथं होते तिथंच खाली बसून शोधायला लागले.